घरातलं वाक्य

इंदू,

गुरुवारी तुझे दीर येऊन गेले. तेराव्यानंतर पहिल्यांदाच. चपला काढताना सवयीने 'वहिनी' म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी चहा केला. त्यांनी तो घेतला, भांडुपला नळाला पाणी कसं करंगळीएवढं येतं ते सांगितलं, तुझ्या फोटोकडे पाहायचं टाळलं. निघताना दारात थांबून म्हणाले, "सुधाताई, खोलीचं काही मनात आणू नका. वहिनींनी इतकी वर्षं चालवून घेतलं, आम्हीपण घेऊ."

माणूस सरळ आहे. मला बरं वाटावं म्हणूनच बोलले. मीही मान डोलावली, जिन्यापर्यंत सोडून आले. परत आल्यावर पाहिलं तर त्यांची छत्री कोपऱ्यात राहिलेली होती. ती बघत मी बराच वेळ खाटेवर बसले, स्टोव्हवर दूध आहे हे विसरून.

चालवून घेतलं. शब्द कोणता निवडावा माणसाने! ज्या शब्दावरून तू आणि मी इतकी वर्षं डोकं फोडलं, भाजी निवडताना, केरोसिनच्या रांगेत, शाळेच्या जिन्यावर, तोच त्यांनी नकळत आणून माझ्यापुढे ठेवला. त्यांना काय ठाऊक की पुट अप विथ या इंग्रजी क्रियापदाचा तो तुझा लाडका अर्थ आहे. मला मात्र गुरुवारपासून एकच प्रश्न पडलाय. मी तुझ्या खोलीत राहत होते, ते तू काय करत होतीस? सोसत होतीस? खपवून घेत होतीस? की खरंच चालवून घेत होतीस? तू होतीस तोवर विचारायचं सुचलं नाही. आता सुचलंय तर तू नाहीस.

मी कशी आले ते तुला आठवत असेलच, पण मला पुन्हा मांडून बघायचंय. रेशनवर गव्हाऐवजी लाल मिलो ज्वारी मिळायची ते दिवस. एकाच शाळेत तू इंग्रजी शिकवायचीस, मी मराठी. मी दहिसरला भावाकडे राहायची आणि मुलुंडला पोचेपर्यंत अर्धी शाळा होऊन जायची. भावाचं लग्न झालं, खोली एकच. शिक्षकांच्या खोलीत मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण तुला न सांगता कळायचं. तुझे यजमान जाऊन वर्षही झालं नव्हतं. डबा धुता धुता तू म्हणालीस, परीक्षा होईपर्यंत ये माझ्याकडे. कोणती परीक्षा ते बोलली नाहीस. मी एक ट्रंक आणि वळकटी घेऊन आले. त्यानंतर शाळेत परीक्षा होतच राहिल्या.

या काळात आपण दोघींनी राहण्या-जाण्याचा विषय एकदाही काढला नाही. मी शाकाहारी, तू मालवणची. तू बांगडे भाजायला घेतलेस की मी गॅलरीत जाऊन उभी राहायची, शेजारच्या ओळखायच्या की आज रविवार. खिडकीत सुकट वाळत घातलीस की मी खिडकी सोडून दाराकडे पाट मांडायची. तुला झोपेत बडबडायची खोड, मला पहाटे खोकण्याची. मी तुझं बोलणं सुधारायची आणि तू माझं ऐकल्यासारखं करून तसंच बोलायचीस. लढाईच्या दिवसांत काचांना लावलेले काळे कागद तू काढलेस, एका काचेवरचा ठेवलास, कारण सकाळचं ऊन माझ्या डोळ्यांवर यायचं. तो अजून तिथेच आहे. मला तेव्हा हे सगळं रोजचं वाटायचं, त्याला काही नाव असेल असं वाटलं नव्हतं.

नावं ठेवण्याचं आपलं काम शनिवारी चालायचं. पिठाच्या गिरणीला शनिवारी सुट्टी, म्हणून गिरणीवाल्या काकांनी मागची खोली दिली होती. आग्रा रोडवरच्या कारखान्यांतून अर्ध्या दिवसाने सुटलेल्या बायका डबे हातात घेऊन तशाच यायच्या. मॅट्रिकला इंग्रजीतच अडकलेल्या, आणि मॅट्रिक झाल्याशिवाय कारखान्याच्या टेबलावर पुढची जागा मिळत नाही हे कळलेल्या. खोलीत इतकं पीठ असायचं की घरी जाताना साडीवर खडू कोणता आणि पीठ कोणतं ते सांगता येत नसे. तू फळ्यावर क्रियापद लिहायचीस, त्याखाली आपण दोघी मिळून मराठी अर्थ काढायचो. इंग्रजी तुझं, मराठी माझं, असा करार होता आणि तो तू रोज मोडायचीस.

पुट अप विथच्या खाली आपण सुरुवातीला मोठी रांग लावली होती. सहन करणे, सोसणे, निभावून नेणे, खपवून घेणे, चालवून घेणे, सांभाळून घेणे. मराठीत एवढे शब्द आहेत याचा मला अभिमान वाटला होता. तू म्हणालीस, जिथे जास्त वापर तिथे जास्त शब्द, त्यात अभिमान कसला. बायका हसल्या. मी हसले नव्हते.

मग सुमतीचं प्रकरण झालं. सुमती औषधांच्या कारखान्यात बाटल्या भरायची, आपल्या वर्गातली सगळ्यांत धीट. तिच्या टेबलावर तिच्याच आळीतली एक नवी मुलगी आली होती. मुलीचा हात बसलेला नव्हता, बाटल्या निसटायच्या. एक दिवस मोठा साहेब फिरत फिरत टेबलाशी थांबला आणि इंग्रजीत विचारलं, ही मुलगी कशी आहे. सुमतीला म्हणायचं होतं की नवीन आहे, मी तिला सांभाळून घेते. फळ्यावरचा शेवटचा शब्द तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिने ऐटीत सांगितलं, "सर, आय पुट अप विथ हर." साहेबाने मान हलवली. सोमवारी मुलीला टेबलावरून काढून बाटल्या धुवायला बसवलं.

त्या शनिवारी सुमती वर्गात बसलीच नाही. उभ्यानेच म्हणाली, "बाई, मी तिची बाजू घेत होते आणि साहेबाला वाटलं मी चुगली केली. तुमच्या अर्थाने पोरीची वाट लागली."

मला वाटलं, तू समजावशील की इंग्रजीत त्या शब्दाला माया नसते, नुसता नाइलाज असतो. तू मात्र सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कारखान्याच्या गेटवर गेलीस. मी सोबत आले होते, पण आत तुला एकटीलाच सोडलं. बाहेर आलीस तेव्हा चेहरा लाल झाला होता. मी विचारलं काय सांगितलंस, तर म्हणालीस, सांगितलं की चूक शिकवणारीची आहे. दोन दिवसांनी मुलगी परत टेबलावर आली. तेवढ्यासाठी तुझा जन्मभर आदर करायला मी तयार होते. पण पुढच्या शनिवारी तू फळ्यावरून सांभाळून घेणे पुसून टाकलंस, आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं.

तुझा नियमही तेव्हापासूनचा. अर्थ पाठ करायचा नाही. क्रियापद घरी घेऊन जायचं, आठवडाभर स्वयंपाकघरात, नळावर, कारखान्यात वापरून बघायचं आणि शनिवारी एक वाक्य आणायचं, आपल्या घरातलं, त्याच आठवड्यातलं. वाक्य म्हटल्यावर वर्गाने ठरवायचं. पटलं तर 'खरंय'. नाही पटलं तर 'पुस्तकातलं', आणि मग त्या बाईने पुन्हा आठवडाभर तेच क्रियापद सांभाळायचं. दया दाखवून कुणाचं वाक्य पास करायचं नाही, हे तू बजावलं होतंस. पहिल्याच शनिवारी सगळ्यांनी सासू आणली. एकीने उकाडा आणला, तर सुमती म्हणाली, पुस्तकातलं, हिच्याकडे परवाच पंखा आलाय.

आणि आपण दोघी घरी जाता जाता भांडायचो. मी म्हणायची, पुट अप विथला मराठीत एकच शब्द खरा, सोसणे. बाकीचे सगळे त्याच्या पदराखालचे. तू फुटपाथवर थांबायचीस. एकदा पाच रस्त्याच्या चौकात इतकी थांबलीस की मागचा हातगाडीवाला ओरडला. तू म्हणालीस, "सोसणं म्हटलं की बाई देवी होते आणि समोरचा सुटतो. चालवून घेणं लिही. त्यात मर्जी आपली असते. आज चालवून घेतलं, उद्या नाही घेणार."

मी विचारलं, जिथे आपली मर्जी कुणी विचारतच नाही तिथे काय लिहायचं? तू म्हणालीस, तशी जागा दाखव. आणि मग मालवणी काढायचीस, कारण जिंकल्यावर तू मालवणीतच बोलायचीस. "सुधा गो, तुझा वाक्य खंय आसा?"

माझं वाक्य. ते तू कितीदा मागितलंस. वर्गात मी नियमाच्या बाहेर होते, मी शिकवणारी, तेही मराठी. पण घरी तू सोडायची नाहीस. कुकर झाला की विचारायचीस, आणलंस का? मी म्हणायची, शोधतेय. खोटं बोलत नव्हते. खरंच शोधायची. दहिसरचं घर आठवून बघायची, पण तुझा नियम त्याच आठवड्यातल्या वाक्याचा. त्या आठवड्यात, कोणत्याही आठवड्यात, मला काही सापडायचं नाही. मी ते माझ्या आळसावर घालायची. तू म्हणायचीस, मराठीच्या बाईला एक वाक्य सुचत नाही, शाळेत सांगू का.

दवाखान्यातलं एक लिहायला हवं. आजाराचं लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. तुझे डोळे पिवळे झाले होते आणि पाणीही नको म्हणत होतीस. तरुण डॉक्टर आला, चादर सारखी केली आणि इंग्रजीत समजावून सांगायला लागला, कारण कुणीतरी त्याला सांगितलं होतं की तू इंग्रजीची शिक्षिका. म्हणाला, "यू विल हॅव टू पुट अप विथ सम पेन." तू आधी त्याच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुझ्या चेहऱ्यावर मजा दिसली. म्हणालीस, "चालवून घेईन."

इंदू, मी तेव्हा वाद घातला नाही. घालता आला असता. तुझी मर्जी तिथे कुणी विचारत नव्हतं, ही तीच जागा होती जी तू मला दाखवायला सांगत होतीस. पण तुला जिंकायचं होतं आणि मला तुला जिंकू द्यायचं होतं. दोन दिवसांनी तू गेलीस. मला तुझा रागही आला, की इतकी पटाईत बाई अशा ठिकाणी तो शब्द कशाला वापरते.

काल शनिवार. वर्ग भरवायचा की नाही हे मला कळत नव्हतं, पण गिरणीवाल्या काकांनी खोली झाडून ठेवली होती, मग जावंच लागलं. बायका आल्या. सुमती आता स्वतः दहा जणींच्या टेबलावर देखरेख करते, तरी शनिवार चुकवत नाही. कुणी रडलं नाही, रडून झालं होतं. सगळ्या फळ्याकडे तोंड करून बसल्या आणि फळा रिकामा होता. मी खडू घेतला आणि काय लिहावं ते न सुचून पुट अप विथच लिहिलं. मग त्यांच्याकडे पाठ ठेवूनच, गुरुवारी दीर काय म्हणाले ते सांगून टाकलं. का सांगितलं माहीत नाही. मी असं काही वर्गात बोलत नाही, तुला माहीत आहे.

सुमती उठून उभी राहिली. "सुधाबाई, तुम्हाला ते ठाऊक नाही का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, कोणतं ते?

मग तिने सांगितलं ते असं. माझ्या भाचीचं बारसं होतं म्हणून मी एका शनिवारी दहिसरला गेले होते. मी नाही असं बघून बायकांनी तुला धरलं. सगळ्यांची वाक्यं घेता, तुमचं कधी देत नाही. आज पुट अप विथ लावून सुधाबाईंवर वाक्य करा. तू हसलीस म्हणे. फळ्याकडे वळलीस, खडू टेकवलास आणि थांबलीस. मागून कुणीतरी सुचवलं, "आय पुट अप विथ सुधा." तू वळून तिला म्हणालीस, पुस्तकातलं. दुसरीने कर्ता-कर्म उलटं करून सुचवलं. त्यालाही पुस्तकातलं. मग तू खडू खाली ठेवलास आणि हात झटकलेस. सुमतीने तुझा आवाज काढून सांगितलं, आणि ती मालवणची नसूनही तो हुबेहूब निघाला. "आमी दोगी रवतंव. ह्येका क्रियापद कित्याक व्हया?"

दोघी राहतो, याला क्रियापद कशाला हवं, असं तू म्हणालीस म्हणे. मला पहिल्यांदा वाटलं, सुमतीने हे माझ्यासाठी रचलं. ती धीट आहे आणि मायाळू आहे, असं माणूस अशा वेळी रचू शकतं. मी तिच्याकडे बघत राहिले असणार, कारण तिच्या मागे बसलेल्या एकीने हळू म्हटलं, "खरंय." मग दुसरीने म्हटलं. मग सगळ्यांनी, एकेकीने, जशा त्या म्हणतात तशा, डबा मांडीवर धरून. दया दाखवायची नाही हा तुझा नियम त्यांना माझ्यापेक्षा पक्का माहीत आहे.

राहणे हेसुद्धा क्रियापदच असतं, इंदू. इंग्रजीच्या बाईला एवढं कळायला हवं होतं. मी तिथेच ते म्हणणार होते, त्याऐवजी फळा पुसला आणि सगळ्यांना लवकर घरी सोडलं.

आज सकाळी तुझे दीर छत्री न्यायला आले. मी त्यांना बसवलं आणि सांगितलं की खोली तुमची आहे, तुम्ही चालवून घेऊ नका. परीक्षा होईपर्यंत मी राहीन, मग माझं मी बघेन. ते गडबडले. म्हणाले, "तसं नव्हतं म्हणायचं मला, ताई." मला माहीत होतं तसं नव्हतं. त्यांच्यावर राग नाही, त्यांच्याही वाट्याला तेवढेच शब्द आलेत. पण जिथे मला कुणी चालवून घेतलं नाही तिथे आता चालवून घेतलेलं जमणार नाही, हे त्यांना समजावणं अवघड होतं. त्यांनी छत्री उघडून पुन्हा मिटली आणि गेले.

ते जाताच कोळीण आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दरवेळेसारखी खालूनच 'इंदूबाय' म्हणून हाक मारत जिना चढली, दारात टोपली उतरवली आणि मला बघून तुला बोलवायला सांगितलं. तू गेल्याचं मी सांगितलं. ती पायरीवर बसली, पदराने तोंड पुसलं, टोपली तशीच ठेवून बसली. तिला रिकामं पाठवायचं जिवावर आलं. मी बांगडे घेतले. ती गेल्यावर ताटली ओट्यावर ठेवून बघत उभी राहिले. ते कसे साफ करतात मला ठाऊक नाही. इतक्या रविवारी मी गॅलरीत होते. शेवटी शेजारी देऊन आले, आणि ताटली धुतली, आणि ओटा धुतला, आणि घराला कसलाही वास उरला नाही.

तर इंदू, वाक्य आणलंय. इतकी वर्षं मिळत नव्हतं ते का, हे काल कळलं. तुझ्या घरात मला सोसावं लागेल असं कधी काही नव्हतं, मग वाक्य कुठून आणणार. आता आहे. घरातलंच आहे आणि याच आठवड्यातलं. तुझा शब्दही लावून बघितला, प्रामाणिकपणे बघितला, बसत नाही. माझी मर्जी इथे कुणी विचारली नाही.

आज रविवार आहे, घराला बांगड्यांचा वास येत नाही, आणि मला ते सोसत नाही.

आता म्हण बघू, पुस्तकातलं.